दोन पिवळ्या रेषा

सोपानची आणि माझी ओळख कचऱ्याच्या टोपलीवरून झाली. वाईच्या स्टँडजवळ त्याचा हातभर रुंदीचा फोटो स्टुडिओ होता. परीक्षेच्या फॉर्मला फोटो हवा म्हणून गेले, तर टोपलीत काळ्या फिल्मचे तुकडे पडलेले.

"हे मला द्याल?"

"लोक फोटो नेत्यात, तुमी कचरा न्या," तो म्हणाला. "पर करणार काय त्याचं?"

"दिवाळीत सूर्यग्रहण आहे. पोरांसाठी चष्मे करायचेत. पण फिल्म ब्लॅक अँड व्हाइटचीच हवी, उन्हात काळी करून धुतलेली, दोन पदरी. मी फिजिक्सला आहे, साताऱ्याला."

"मग फिजिक्सवाल्या बाई, फोटो काढताना डोळं मिटू नका. हिकडं बघा... माझ्याकडं."

बघितलं. आणि फसले.

मग तीन आठवडे मी कॉलेजहून आले की त्याच्या काउंटरवर जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापत बसायची. तो फिल्म चिकटवायचा आणि त्याच्या गावच्या, आटपाडीच्या गप्पा सांगायचा. "आमच्याकडं ढग नसत्यात," म्हणायचा, "तुमचं ग्रहण तिकडंच न्या." माझं कापणं वाकडं व्हायचं ते उगाच नाही.

ग्रहणाच्या सकाळी कृष्णेचा घाट ओस पडला होता. दारं बंद, पोरं तेवढी आयांची नजर चुकवून आलेली, पंचवीस-तीस. सोपान मोठ्यानं पाच आकडे मोजायचा आणि सगळ्यांना माना खाली घालायला लावायचा. स्वतः मात्र वर बघत राहायचा. साडेआठच्या सुमारास सूर्य कोयत्यासारखा उरला, ऊन फिकं पडलं, आणि शेजारी उभं राहून तो हळूच म्हणाला, "लय भारी हाय... तुमच्यामुळं बघाय मिळालं."

ग्रहण सुटल्यावर चष्मे गोळा करताना त्याचा चष्मा माझ्या हातात आला. सगळ्यांच्या फिल्म काळ्या, राखाडी. ही तपकिरी होती.

"ही रंगीत रोलची आहे?"

"व्हय. काळ्या फिल्मा पोरांस्नी आन् तुमाला पुरल्या. माझ्यापुरता रंगीत केला. अंधारच दिसतोय की त्यातनं."

काळ्या फिल्ममध्ये चांदी राहते, ती सगळंच अडवते. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते आणि नुसता रंग उरतो. त्यातून दिसणारा उजेड अडतो, पण लालच्या पलीकडचा, न दिसणारा, भाजणारा भाग सरळ डोळ्यात जातो. आणि डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही. काही तासांनी बरोबर मधोमध डाग उमटतो, माणूस जिथं बघेल तिथंच. फोटोवाल्याचं सगळं पोट नजरेच्या त्या मधल्या ठिपक्यावर. आणि चष्म्यांचं खूळ माझं.

डोळ्यांचे डॉक्टर दिवाळीला गावी गेलेले, दाराला कुलूप. नजर तपासता येईल असं यंत्र आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये होतं, म्हणून मी त्याला घेऊन साताऱ्याच्या एसटीत बसले.

"ती पाटी वाचा," मी म्हणाले.

"लिवलंय, शेजारची पोरगी घाबरली हाय."

"सोपान, थट्टा नको."

"बरं," तो म्हणाला. पुढं पाचवडपर्यंत तो स्वतःच्या हाताच्या रेषा बघत होता, एकदा या डोळ्यानं, एकदा त्या. तोही घाबरलाय हे मला तेव्हा कळलं.

आमच्या लॅबचे शिपाई लालासाहेब मामा कॉलेजमागंच राहायचे. फराळाच्या ताटावरून उठले, माझा चेहरा बघितला आणि किल्ली दिली. मी काळे पडदे ओढले, सोडियमचा दिवा लावला. तो आधी गुलाबी पेटतो, मग सावकाश पिवळा होतो. त्याला दहा मिनिटं लागली.

सोडियमच्या उजेडात पिवळ्याच्या दोन रेषा असतात, अगदी खेटून. डोळ्याच्या मध्यावर डाग असेल तर त्या वेगळ्या दिसायच्या नाहीत. उजेडाच्या रेषा वेगळ्या करून दाखवणाऱ्या यंत्राच्या दुर्बिणीची नळी मी त्याच्यासमोर आणली.

"किती?"

तो बराच वेळ बघत राहिला. "...एकच."

"नीट बघा."

"एकच हाय, क्रांती. जाड."

"का पण? स्वतःला काळी फिल्म का नाही ठेवली?"

"काळा रोल एकच उरलावता. कॅमेऱ्यात." त्यानं नळीवरून डोळा काढला नाही. "तुमी पुठ्ठा कापत होता तवा न विचारता एक फोटो काढलावता. त्यो धुतला नव्हता अजून. रोल उन्हात उघडला असता तर तुमी बी काळ्या झाला असता. जीव झाला न्हाई."

त्याला बाजूला करून मीच डोळा लावला. मलाही एकच रेषा. जाड. उजेड आत यायची फट आधीच्या बॅचनं सताड उघडी टाकली होती आणि ती बारीक करायची साधी गोष्ट प्रॅक्टिकलात पहिली येणारी मी विसरले होते. फटीचा स्क्रू फिरवला.

"आता बघा."

"दोन," तो म्हणाला. "शेजारी शेजारी. मधी केसाएवढी जागा."

"डाव्या डोळ्यानं."

त्यानं इतका वेळ लावला की मी मनात साती आसरांना नवस बोलून टाकला, फिजिक्सवाली असून.

"...दोन."

मी स्टुलावर बसले आणि रडले. तो रुमाल शोधत खिसे चाचपत राहिला.

"तो रोल उघडायचा होता ना, मूर्खा," मी म्हणाले. "मी परत बसले असते फोटोला."

"परत आला असता?"

"रोज आले असते."

सोडियमच्या उजेडात लाल रंग दिसतच नाही, सगळं पिवळं नाहीतर काळपट. तेव्हा माझे गाल कसे झालेत ते त्याला कळणार नाही, असं मला वाटलं. पण तो पडला फोटोवाला. उठला, खिडकीशी गेला आणि काळा पडदा बाजूला सारला.