हेन्रीला कुंकू कळलं

एकवीरा आईची शप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे दात पडोत! आता ते कवळीचे आहेत हे सोडा, शपथ ती शपथ.

मनोरीच्या चंदू कोळ्याची पोरगी कल्पिता. सव्वीस वर्षांची, सावळी, आणि डोळे असे की गिऱ्हाईक पापलेट घ्यायला यायचं आणि गडबडून मांदेलीचा वाटा घेऊन जायचं. बोरिवलीच्या मासळी बाजारात ती आईच्या जागेवर बसायची. आई, मथुरा, घर सोडून येऊच शकत नव्हती. चंदूची फुप्फुसं गेली होती. चाळीस वर्षं बोटीच्या डिझेलचा धूर आणि विडीचा धूर, दोन्ही त्याने आवडीने गिळले. आता चार पावलं टाकली की ओठ निळे पडायचे.

ऑक्सिजनचा सिलेंडर मार्वेहून फेरीबोटीने यायचा. समुद्र खवळला की बोट बंद, सिलेंडर बंद. एकदा दोन दिवस बोट नव्हती, तेव्हा कल्पिता बापाच्या उशाशी बसून त्याचे श्वास ऐकत होती. प्रत्येक श्वासानंतर वाटायचं, पुढचा येतोय की नाही... त्या दोन दिवसांत तिने ठरवलं, घरात हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आणायचं म्हणजे आणायचंच.

चुलतभाऊ अल्पेशने मोबाइलवर शोधून काढलं. ऑस्ट्रेलियातलं कुठलंसं ऑनलाइन दुकान, इथल्यापेक्षा स्वस्त. मथुराने हातातल्या पाटल्या काढून दिल्या.

मशीन आलं. आता कोळ्याच्या घरात नवी वस्तू, होडी असो, जाळं असो नाहीतर मिक्सर, पुजल्याशिवाय चालू होत नाही. अल्पेशने प्लग लावून ठेवला. मशीनवर पिवळा दिवा लागला आणि मथुरा हरखली.

"बघ गो बाय, दिवापण हळदीचा! शुभ आहे."

मग तिने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मूठभर अक्षता जाळीतून आत गेल्या, आणि नारळ असा फोडला की पलीकडे गोराईची कुत्री भुंकायला लागली. पाणी अर्धं जमिनीवर, अर्धं मशीनवर.

मशीन घरघरत राहिलं. चंदूच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा मात्र ब्याऐंशीच्या वर सरकेना. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मीटर लावून बघितलं आणि मान हलवली. "ही साधी हवा आहे, कल्पिता. टेबलफॅन लावला असता तरी एवढीच मिळाली असती."

पैसे परत मिळाले तरच दुसरं मशीन येणार. कल्पिताने फोटो काढून तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, वस्तूवर लाल रंगाचा गंज, आत बाहेरचे दाणे, द्रव सांडल्याचे डाग. ग्राहकाची चूक. रिफंड नाही.

ती बाजारात बसली होती. समोर सुरमई, बाजूला कोयता. एका हाताने तिने कंपनीचं चॅट उघडलं. पलीकडून 'हेन्री' आला. नमस्कार मॅडम, आपला दिवस कसा चाललाय, वगैरे. कल्पिताने मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग पलीकडून नुसते तीन ठिपके हलत राहिले...

आणि मग, इंग्लिश अक्षरांत, पण मराठी –

"तो गंज नाही ना? कुंकू आहे ना ते?"

कल्पिताच्या हातातली सुरमई सुटली.

"तू कुठला रे हेन्री?"

"सांगायची परवानगी नाही, मॅडम."

"ऑस्ट्रेलियात कुंकू ओळखतात?"

"ऑस्ट्रेलियाचं माहीत नाही. भांडुपमध्ये ओळखतात."

त्याचं खरं नाव प्रबुद्ध. अंधेरीच्या ऑफिसात ऑस्ट्रेलियाच्या घड्याळाने चालणारी नोकरी, पहाटे पाचला शिफ्ट. मराठीत टाइप करायला सक्त मनाई. तरी तो टाइप करत राहिला. पूजेआधीच मशीन बिघडलेलं होतं याचा काही पुरावा आहे का? फोटो, व्हिडिओ, काहीही?

व्हिडिओ होता! अल्पेशने अख्खी पूजा काढून ठेवली होती. प्रबुद्धने तो तीनदा बघितला.

"कल्पिता मॅडम, तो पिवळा दिवा शुभ नाही. ऑक्सिजन कमी असला की तो लागतो. हळदीच्या आधीपासून लागलाय. तुमच्या आईनेच साक्ष दिलीय, दिवापण हळदीचा म्हणून."

त्याने मथुराचं बोलणं इंग्लिशमध्ये उतरवलं, व्हिडिओला जोडलं आणि वर पाठवलं. कंपनी नमली. एकच अट घातली, मशीन स्वच्छ करून अंधेरी एमआयडीसीतल्या गोदामात जमा करा.

कल्पिता मशीन घेऊन बोटीने मार्वे, तिथून रिक्षाने अंधेरी. गोदामाच्या गल्लीत, प्रबुद्धच्या ऑफिससमोरच, उतरली आणि बाजारातल्या सवयीने हाक मारली, "ए हेन्रीऽऽ!"

टपरीवर चहा पिणाऱ्या चौघांनी माना वळवल्या. एक ऑस्कर, एक ऑलिव्हर, दोन हेन्री. सगळे दिवा-नालासोपारा-भांडुपचे. त्यातला उंच, किडकिडीत, कानापर्यंत लाल झालेला हेन्री पुढे आला.

"हळू बोल ना! नोकरी जाईल माझी."

"मग काय म्हणू? मॅडम म्हणू?"

तो हसला. हसताना मान खाली घालायची सवय होती त्याला. कल्पिताला ती आवडली आणि आवडली म्हणून रागही आला. घरी बाप श्वासासाठी भांडतोय आणि आपण हे काय बघत बसलोय!

दोघं फुटपाथवर बसली. कान साफ करायच्या काड्यांनी जाळीतलं कुंकू काढायला लागली. एक-एक अक्षत टाचणीने काढून कागदाच्या पुडीत. त्याची बोटं लालभडक झाली.

"तुमच्या घरी चालतं का रे हे?" तिने विचारलं.

"आम्ही बौद्ध. घरी कुंकू नाही. आज आई विचारणार, हात कुठे घातलास."

"मग काय सांगशील?"

"सांगेन... कंपनीचं काम होतं."

"एवढंच?"

 त्याने एक अक्षत पुडीत न टाकता खिशात टाकली. तिने बघितलं. बघितलं नाही असं दाखवलं.

रिफंडला दहा कामाचे दिवस लागणार होते. शनिवार-रविवार धरायचा नाही. आजारी माणसाचे दिवस कसे मोजायचे, ते कुठल्याच कंपनीने लिहिलेलं नसतं.

रोज सकाळी प्रबुद्धचा मेसेज यायचा, "आज किती?" ती चिमट्यावरचा आकडा पाठवायची. ब्याऐंशी. ऐंशी. एकोणऐंशी. लोक प्रेमात गुलाबाची चित्रं पाठवतात, ही दोघं आकडे पाठवत होती. एकदा तिने आकड्यापुढे लिहिलं, "भीती वाटते." त्याने लिहिलं, "मी आहे ना." लिहून झाल्यावर त्यालाच कळलं की हे वाक्य कंपनीने शिकवलेल्या वाक्यांत नव्हतं.

सातव्या दिवशी वारं सुटलं. फेरीबोट बंद. घरातला सिलेंडर तळाला गेलेला.

"आज किती?"

"चौऱ्याहत्तर."

प्रबुद्ध शिफ्ट अर्धी टाकून उठला. साहेब ओरडला, उद्या येऊ नकोस म्हणाला. त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. अंधेरीत भाड्याचा सिलेंडर मिळवला, टेम्पो केला आणि भाईंदर-उत्तनच्या लांबच्या रस्त्याने निघाला. अर्ध्या वाटेत टायर बसला. मनोरीत टेम्पो आत जाईना, तर सिलेंडर खांद्यावर घेऊन वाळूतून चालत दारात उभा राहिला.

मथुराने धावत नळी जोडली. चंदूने डोळे उघडले.

"हा कोण गो?"

"बा... हा हेन्री."

चंदूने त्याला वरून खाली बघितलं. "गोरा तर नाही वाटत."

"मी प्रबुद्ध, काका. भांडुपचा. आम्ही बौद्ध आहोत." एका दमात सांगून टाकलं पोराने. मथुरा भिंतीकडे बघत राहिली. 

"मासे खातोस?" चंदू म्हणाला.

"खातो."

"बोंबील साफ करता येतो?"

"नाही येत, काका."

चंदू थांबला, दम गोळा केला. "कल्पे... शिकव त्याला."

एवढंच. मग त्याने डोळे मिटले ते उघडले नाहीत. बाहेर वारं तसंच होतं.

दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. विधी उरकून सगळे परतत होते तेव्हा कल्पिताचा फोन वाजला. रिफंड जमा झाला. त्याखाली दुसरा मेसेज, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, एक ते पाच आकडा निवडा.

ती वाळूतच बसली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली. दहा दिवस तिला रडायला फुरसत झाली नव्हती. प्रबुद्ध बाजूला बसला. हात धरावा की नाही... त्याला कळेना. मग तिनेच धरला.

"तुझी नोकरी गेली माझ्यामुळे."

"हेन्रीची गेली. माझी नाही."

"आता काय करशील?"

"बोंबील शिकीन म्हणतो... तू शिकवणार असशील तर."

तिने नाक पुसलं. "हात कापतो हां पहिल्यांदा."

"कापू दे."

वर्षाने लग्न झालं, भांडुपच्या हॉलमध्ये. बुद्धवंदना झाली आणि जेवणात कोळंबी होती. आज बोरिवलीच्या बाजारात जाऊन बघा, कल्पिताच्या बाजूला एक उंच माणूस खाली मान घालून बोंबील साफ करताना दिसेल. गिऱ्हाइकाशी बोलतो मात्र अजून ऑफिसातल्यासारखा. "आपली काय सेवा करू?"

आता शपथ घेतलीय तर एक कबूल करते. टेम्पोचा टायर बसला होता ना, त्यात उशीर झाला. प्रबुद्ध दारात आला तेव्हा चंदू जाऊन तास झाला होता. ते बोंबलाचं तो बोललाच नाही, पोरांचं वाळूतलं बोलणं मी त्याच्या तोंडी घातलं. पोरीला बापाचा होकार मिळाला नाही, हे माझ्या तोंडून निघेना. काय करू?

बाकी सगळं खरं. सिलेंडर ज्या खांद्यावरून उतरवला, त्याच खांद्यावर त्याने चंदूची तिरडी घेतली. ते अख्ख्या मनोरीने बघितलंय.