टेलरबाईची साखर

वर्षअखेरच्या सुट्ट्या तोंडावर आल्या की टेलरबाई धास्तावायची. लोक सुट्टी कधी लागते म्हणून दिवस मोजायचे, ही बया मात्र सुट्टी कधी सरते म्हणून मोजायची! कारणही तसंच होतं. तिच्या आईच्या पायाची दोन बोटं साखरेनं नेली होती. आणि आता डॉक्टरीणबाईंनी तिलाही बजावलं होतं, "साखर अगदी रेषेवर आहे तुझी. वजन वाढू देऊ नकोस, गोडाला आवर घाल. सुट्ट्या संपल्या की पुन्हा रक्त तपासू."

आता नशीब बघा कसं! नेमका त्याच महिन्यात शेजारचा गाळा एका केकवाल्यानं घेतला.

पहिल्याच दिवशी स्वारी दारात हजर. हातात पांढरा कोट, दोन बटणं गायब.

"टेलरबाई, कोट आटलाय हो. जरा सैल कराल?"

"कोट नाही आटला. माणूस फुगलाय," ती म्हणाली आणि माप घ्यायला टेप त्याच्या कमरेभोवती नेली. त्याच्या अंगाला व्हॅनिलाचा वास होता. तिच्या तोंडाला पाणी सुटलं आणि पाठोपाठ काळजात धस्स झालं... वासानं की त्याच्या हसण्यानं, देव जाणे.

"किती भरली कमर?"

"नाही सांगत. रडाल."

"चाखल्याशिवाय विकायचं कसं? बरं, तुमच्यासाठी काय पाठवू?"

"मला गोड आवडतच नाही," ती घाईघाईनं म्हणाली.

धादांत खोटं! पण एकदा त्याच्या हातून खाल्लं असतं, तर ती एकावर थांबली नसती. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग रोज संध्याकाळी एक बटण तुटायला लागलं. अहो, एका कोटाला बटणं तरी किती असतात!

"मुद्दाम तोडता ना?" तिनं मान वर न करता विचारलं.

"हो... कळलं वाटतं?" तो म्हणाला आणि एक पुडी पुढे सरकवली. "खारी बिस्किटं. तुम्हाला गोड नको ना, म्हणून वेगळी भाजली."

तिचा दोरा सुईत जाईना. हा माणूस आवडायला लागला होता, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. याच्याशी संसार म्हणजे शेळीनं वाघाच्या गुहेत बिऱ्हाड थाटण्यासारखं!

सुट्टीच्या चौथ्या दिवशी मात्र तिला राहवेना. रस्त्याच्या पार टोकाला दुसरं केकचं दुकान होतं. तिथून तिनं चॉकलेटचा तुकडा घेतला आणि फलकाआड उभं राहून भराभर खाल्ला. तोंड पुसायला वळली, तर समोर केकवाला! ऑर्डर पोचवायला निघालेला.

"गोड आवडत नाही म्हणालात..." त्याचा चेहरा पार उतरला. "का फक्त माझ्या हातचं आवडत नाही?"

त्या संध्याकाळी बटण तुटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तीच त्याच्या दारात गेली.

"ऐका ना, केकवाले..." आणि तिनं सगळं सांगून टाकलं. आईची बोटं, रेषेवरची साखर. "रोज अंघोळ करताना मी माझी बोटं चिमटून बघते. मला भीती वाटते हो. केकची वाटते... आणि तुमचीही."

त्यानं हातातला ट्रे खाली ठेवला.

"रिपोर्ट कधी?"

"सोमवारी. तुम्ही कशाला विचारता?"

"सोबत यायला. एकटीनं किती भ्याल?"

सोमवारी दवाखान्याच्या बाकावर तिनं रिपोर्टचं पाकीट त्याच्या हातात कोंबलं. ते त्यानंच फोडलं.

"थोडी वाढलीय," तो म्हणाला.

"बघितलंत? आता पळा. अजून वेळ गेलेली नाही."

तो हलला नाही. "घाबरलोय मीही. आत जाऊन नीट विचारू, पुढे काय करायचं ते."

तेव्हा तिनं आईलाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. "परवा मी चोरून दोन केक खाल्ले."

"कुणाकडचे?"

"तुमचेच... तुम्ही ओव्हनकडे वळलात तेव्हा, ट्रेमधले."

त्यानं रागवायचा फार प्रयत्न केला. "कसे होते?"

"अहो!" ती रडता रडता हसली. मग हसू मावळलं. "हे जन्मभराचं आहे हो. दर तीन महिन्यांनी हे पाकीट, रोज जिभेशी भांडण. झेपेल तुम्हाला?"

"दर तीन महिन्यांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवीन. तुम्ही फक्त लपून खाऊ नका. खाल्लं तर सांगा... मला सांगा."

आतून नर्सनं डोकं बाहेर काढलं. "चला, तुमचा नंबर. सोबत कोण आहे? घरचंच माणूस आत येईल हं."

तो ओशाळून मागे सरकला. तिनं त्याची बाही घट्ट धरली.

"घरचेच आहेत," ती म्हणाली आणि त्याला आत घेऊन गेली.