दोन थापा

अर्डिस पेट्रोलपंपाच्या स्वच्छतागृहातून ओले हात स्वेटरला पुसत बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली... तिचं घर तिथे नव्हतं!

आत जाताना ते पंपाशेजारीच उभं होतं. चाकांवरचं का होईना, पण घर. त्यात तिची शेगडी होती, तिचा पलंग, औषधांचा डबा, लग्नातला फोटो, आणि चालकाच्या खुर्चीत बसलेला तिचा नवरा एमेट. आता तिथे डांबरावर तेलाचा एक ओला डाग तेवढा होता, आणि वाऱ्याने लोळत आलेलं एक वाळकं झुडूप त्या डागावरून पुढे निघून गेलं.

एमेटने गाडी सावलीत घेतली असेल, असं म्हणत ती मागच्या बाजूला गेली. तिथे नव्हती. ट्रक उभे राहतात त्या मैदानात पाहिलं. तिथेही नव्हती! घरात घालायच्या मऊ सपाता तिच्या पायांत होत्या, आणि त्यांतून खडे टोचत होते हे तिला बऱ्याच वेळाने कळलं.

पलीकडच्या पंपावर एक म्हातारा आपल्या पिकअपमध्ये पेट्रोल भरत होता. खिडकीतून त्याची करडी कुत्री मान बाहेर काढून बसली होती.

"इथे एक पांढरी गाडी होती... मोठी, जुनी..."

"ती होय? गेली की मघाशीच!" म्हातारा मनमोकळा हसला. "पायरी खालीच राहिली होती तिची. मी आत ढकलली आणि पाठीवर दिल्या दोन थापा, आपल्या गाडीवाल्यांत देतात तशा, निघा म्हणून. लगेच निघाली." मग त्याने तिच्या सपातांकडे पाहिलं. "अरे देवा! तुम्हाला विसरून गेला काय कारभारी? माझी बायको असती ना, तर मी म्हटलं असतं..."

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. अर्डिसचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

दोन थापा! तो नियम तिनेच घातला होता. मागच्या हिवाळ्यात एमेट पाण्याची नळी तशीच जोडलेली ठेवून तळावरून निघाला होता, आणि लोकांसमोर नळी फाटून पाणी उडालं तेव्हा तो लहान मुलासारखा भांबावला होता. त्या दिवसापासून ती स्वतः गाडीभोवती फेरी मारी. नळी, चाकांखालचे ठोकळे, छतावरची अँटेनाची काठी, पायरी, सगळं पाही आणि मग गाडीच्या पाठीवर दोन थापा देई. थापा ऐकू येईपर्यंत हलायचं नाही, ऐकू आल्या की निघायचं. एमेटचं स्मरण जसजसं झिजत गेलं तसतशी तिने त्याच्याभोवती अशा सवयींची एकेक वीट रचली होती, आणि त्या भिंतीआड त्याचा दुबळेपणा कुणाला म्हणजे कुणाला दिसू दिला नव्हता... आणि आज त्याच भिंतीने त्याला तिच्यापासून दूर नेलं होतं!

थापा देऊन ती रोज दार उघडून आत चढे आणि त्याच्या शेजारी बसे. आज ती चढली नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती. तरी तो निघाला.

"फोन देता का जरा?" ती म्हणाली. आवाज आपलाच आहे असं तिला वाटलं नाही.

तिचा फोन गाडीत राहिला होता, आणि पाठ असलेला नंबर जगात एकच होता. मुलीचा.

ग्रेचेन प्रेस्कॉटला राहत होती. ती दर रविवारी आईच्या फोनवर फोन करी, पण आईशी बोलण्यासाठी नव्हे. "बाबांना दे," एवढंच म्हणे. नेब्रास्कातलं घर विकलं, तिचं बालपण विकलं, कुंपणाची लायलॅकची फुलझाडंसुद्धा परक्याच्या हाती दिली, आणि आजारी बापाला आईच्या भटकंतीच्या हौसेपायी वाळवंटात फिरवत ठेवलं... असा तिचा समज होता. अर्डिसने तो कधी खोडला नाही. डॉक्टरांनी निदान सांगितलं त्या संध्याकाळी एमेटने तिचे दोन्ही हात धरले होते. "आठवतंय तोवर मला ते वाळवंट बघू दे. आणि ग्रेचेनला कळू देऊ नकोस. गुडघे दुखतात म्हणून सांग. पोरीच्या डोळ्यांत मला माझी कीव नाही बघवणार." तिने वचन दिलं होतं, आणि त्या वचनाची किंमत म्हणून मुलीचा तिरस्कार मुकाट्याने सोसला होता.

"ग्रेचेन, मी आई."

"आई? हा कुणाचा नंबर? आत्ताच तर मी तुझ्या फोनवर बोलले. बाबांनी उचलला."

अर्डिसने पिकअपचा दरवाजा घट्ट धरला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, तू मागे झोपलीयेस, पडदा ओढलाय, उठवत नाही. का गं?"

"मी पेट्रोलपंपावर आहे, ग्रेचेन. हीला बेंड गावात. मी गाडीत नाहीये."

"म्हणजे काय? थट्टा करताय का तुम्ही दोघं?"

हाच तो क्षण होता. तिने खरं सांगितलं असतं तर वचन मोडलं असतं, आणि त्याबरोबर एमेटचा गाडी चालवायचा परवाना, त्याचं वाळवंट, त्याची ताठ मान, सगळंच गेलं असतं. समोरच्या महामार्गावरून एक बस गेली, काचेला चिकटलेल्या मुलांच्या चेहऱ्यांसकट. अर्डिसने डोळे मिटले.

"तुझ्या बाबांना आठवत नाही, बाळा. घर विकायच्या आधीपासून. त्यांनीच सांगितलं होतं, तुला कळू द्यायचं नाही म्हणून. आणि आता ती एवढी मोठी गाडी घेऊन ते एकटे रस्त्यावर आहेत. पोलिसांना कळव."

पलीकडून एक हुंदका आला, कुणीतरी पोटात ठोसा मारल्यासारखा.

"मग घर... आई, मी तुला काय काय बोलले! तू एकदा तरी..."

"ते राहू दे आत्ता. पोलिसांना सांग, मग बाबांना फोन लाव. चिडू नकोस. गाडी थांबवायला लाव, आणि डोळ्यांसमोर काय दिसतंय ते विचार. प्रेमाने विचार."

म्हाताऱ्याने, त्याचं नाव डेल्बर्ट, काही न विचारता कुत्रीला मागे ढकललं आणि शेजारची जागा हाताने झटकली. "बसा, बाई. माझ्या हाताने झालंय, माझ्याच चाकांनी निस्तरू दे."

थोड्या वेळाने फोन वाजला. ग्रेचेन होती. "थांबलेत ते! कुठे ते नाही सांगता येत त्यांना. म्हणतात, समोर मोठा निवडुंग आहे, त्याचा एक हात जमिनीकडे वळलाय, खाली पडलेली वस्तू उचलावी तसा. आणि दगडांची गोल चूल आहे."

अर्डिसला रडूच फुटलं. पहिल्या हिवाळ्यातला त्यांचा पहिला तळ! ती चूल तिने आणि एमेटने एकेक दगड वाहून रचली होती.

"आहो गावाच्या रस्त्याने घ्या," ती डेल्बर्टला म्हणाली.

कच्च्या रस्त्याच्या वळणावर कुंपणाचा एक खांब आडवा झाला होता. त्याच्यापाशी आरशाच्या काचा उन्हात चमकत होत्या, आणि त्यांत पांढरा रंग लागलेला एक तुकडा होता... त्यांच्या गाडीचा. डेल्बर्टने त्या काचांकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून वेग वाढवला.

गाडी उभी होती. आयर्नवुडच्या झाडाखाली, नेहमीसारखी समपातळीत, चाकांखाली ठोकळे लावून. दारापुढे चटई अंथरलेली, चटईवर दोन खुर्च्या, मध्ये कॉफीचे दोन मग. एका खुर्चीत एमेट बसला होता.

"किती वेळ गं फेरी मारायला?" तो हसत म्हणाला. "कॉफी थंड झाली, म्हातारे."

मग त्याची नजर पिकअपकडे गेली, परक्या माणसाकडे, तिच्या धुळीने माखलेल्या सपातांकडे. हसू हळूहळू विरलं. अर्डिसने त्याला पुष्कळदा विसरताना पाहिलं होतं. उमगताना पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि ते पाहणं कितीतरी कठीण होतं.

"तू गाडीत नव्हतीस..."

"नव्हते."

"पण थापा ऐकल्या मी! दोन! शपथ सांगतो, अर्डिस!"

"ऐकल्या होत्यास. खरोखरच कुणीतरी दिल्या होत्या."

"आणि ग्रेचेनला मी सांगितलं, झोपलीयेस म्हणून. पडदा ओढलाय म्हणून." तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "पडदा उघडाच होता. हे मी कुठून आणलं, अर्डिस? कुठून आणलं मी हे?"

तिने त्याचं डोकं छातीशी धरलं. डेल्बर्ट कुत्रीला घेऊन निवडुंगापलीकडे निघून गेला आणि बराच वेळ पाठ करून उभा राहिला.

गाडी सापडल्याचं पोलिसांना कळवून, उन्हं कलता कलता ग्रेचेन आली. सोडायला आलेल्या शेजाऱ्याच्या मोटारीतून उतरून ती आधी बापाकडे धावेल असं अर्डिसला वाटलं होतं; पण ती आईसमोर वाळूत गुडघ्यांवर बसली, तिच्या पायांतल्या फाटक्या सपाता काढल्या आणि ते रक्ताळलेले पाय मांडीवर घेतले.

"दोन वर्षं... दर रविवारी मी तुला टाळलं, आणि तू फोन बाबांच्या हातात देत राहिलीस! एक शब्दही बोलली नाहीस गं!"

"बोलले असते तर तुझे रविवारचे फोन दुसरेच झाले असते. बापाशी बोलायचीस, ते त्याच्या आजाराशी बोलली असतीस." अर्डिसने तिचे केस मागे सारले. "त्याला तुझे हेच फोन हवे होते."

"ती लायलॅक आहे माझ्याकडे," ग्रेचेन रडत रडत म्हणाली. "घर सोडताना मुळासकट एक फांदी चोरून नेली मी, तुझ्यावरच्या रागाने. माझ्या अंगणात लागलीये. मागच्या वसंतात फुलली. मी तुला सांगितलंसुद्धा नाही."

एमेट उठला. खिशातून किल्ली काढली, क्षणभर मुठीत धरली आणि मुलीच्या ओंजळीत ठेवली.

"कीव करू नकोस हं," तो म्हणाला.

"नाही करणार, बाबा. आरसा फोडलात त्याबद्दल भांडणार आहे मी तुमच्याशी. घरी गेल्यावर."

तो हसला, आणि हसता हसता त्याने तोंड फिरवलं.

सकाळी ग्रेचेन चालकाच्या खुर्चीत बसली. अर्डिस फेरी मारायला उठली, पण एमेटने तिला खांद्याला धरून शेजारच्या खुर्चीत बसवलं. "बस तू. आज मी."

तो उतरला. एकाच आरशात त्याची आकृती दिसत होती. प्रत्येक चाकापाशी वाकणारी, ठोकळे गोळा करणारी, पायरी न्याहाळणारी. निवडुंगापाशी क्षणभर थांबून त्याने वर पाहिलं. मग तो आरशातून नाहीसा झाला, आणि गाडीच्या पाठीवर थाप पडली... एक, आणि जरा थांबून दुसरी.

इंजिन सुरू होतं. रस्ता मोकळा होता. पण ग्रेचेनचा पाय ब्रेकवरून हलला नाही. दार उघडून तो आत चढेपर्यंत, पडद्यापाशी बसेपर्यंत आणि दोन्ही हात पुढे करून त्या दोघींच्या खांद्यांवर ठेवेपर्यंत ती मागे वळून त्याच्याकडे बघत राहिली.