सहा सुजलेले डोळे

"माणसाच्या डोळ्यांत एकदा बघितलं की खरं-खोटं मला कळतं," गुप्तहेर म्हणाला. "चौकशी-बिकशी नंतर."

पार्लरवालीने पडदा सारला. आत बाकावर तीन बायका बसल्या होत्या. सहाच्या सहा डोळे सुजून बंद.

"बघा," ती म्हणाली.

"दाजी, कुणापासून सुरू करता?" मेहुण्याने विचारलं. बायकोचा भाऊ असल्यामुळे गुप्तहेराला त्याला सोबत न्यावंच लागे.

सकाळी तिघींनी फेशियल केलं, तासाभरात डोळे सुजले. दोन दिवसांत उतरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण तक्रार गेली होती आणि चार वाजता आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर येणार होते. बाहेरच्या कुणी मुद्दाम केलंय असं दाखवता आलं नाही, तर पार्लरला टाळं.

"समोरच्या पार्लरवालीचंच काम आहे साहेब. तेवढं सिद्ध करा. नऊ वर्षं झाली हो मला इथे."

साडेतीन वाजले होते.

"बाकी चेहऱ्याला काही त्रास?" गुप्तहेराने पहिलीला विचारलं. ती शाळेत शिकवायची.

"काही नाही. गाल तर मऊ झालेत. झालेत ना? मला दिसत नाहीये."

"झालेत," मेहुणा म्हणाला.

सूज फक्त डोळ्यांभोवती होती. गोल, चष्म्याच्या काचेएवढी.

"ताई, पॅक कुठला?"

"हा एकच डबा. मीसुद्धा यातलाच लावते, गिऱ्हाइकाला विश्वास बसावा म्हणून. सकाळी यांच्यासोबत माझ्याही तोंडाला होता." पार्लरवालीचे डोळे टपोरे, स्वच्छ होते. "सुकेपर्यंत ओठ हलवायचे नसतात, नाहीतर चिरतो. तेवढा वेळ आईच बघत होत्या सगळं."

आई म्हणजे तिच्या सासूबाई. मदतनीस सुट्टीवर, म्हणून आज पहिल्यांदाच मदतीला आल्या होत्या.

"सासू," मेहुणा कुजबुजला. "केस संपली, दाजी."

"मला ऐकू येतं हो," सासूबाई म्हणाल्या. "हिने जे सांगितलं तेच केलं मी. अक्षर न अक्षर. घरी करत नाही, पण इथे केलं."

गुप्तहेराने कचऱ्याच्या डब्यात डोकावलं. वर कापसाच्या सहा चकत्या पडल्या होत्या, फिकट गुलाबी. मग त्याने फळीवरची गुलाबपाण्याची बाटली उचलली. तिचं सील शाबूत होतं. आरशाजवळच्या बरणीत कंगवे, कात्र्या बुडवायचं जंतुनाशक होतं. बरणी अर्धी रिकामी होती.

"आज केस कापले कुणाचे?"

"नाही. आज फक्त फेशियल."

गुप्तहेर खोलीच्या मधोमध उभा राहिला. असा उभा राहिला की त्याला कुणी थांबवू शकत नसे.

"पॅक निर्दोष आहे, नाहीतर ताईंचेही डोळे सुजले असते. फक्त डोळ्यांवर काय होतं? कापसाच्या चकत्या. त्या भिजवायच्या गुलाबपाण्यात. पण गुलाबपाणी पाण्यासारखंच बिनरंगाचं असतं आणि ही बाटली तर उघडलेलीच नाही. मग चकत्या गुलाबी कशा? ताई, तुम्ही आईंना काय सांगितलंत?"

"गुलाबपाणी घ्या म्हटलं."

"ओठ न हलवता म्हणून दाखवा."

पार्लरवालीने दात मिटले. "गुलाअ्‌-आणी."

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "गुलाबी पाणी. सगळ्या दुकानात गुलाबी पाणी एकच, त्या बरणीतलं. मी म्हटलंही, अगं, यात कंगवे आहेत. तर मान डोलावली हिने."

"मला वाटलं, कंगवे यातच ठेवतात का विचारताय."

"म्हणजे बाहेरच्या कुणाचाही यात हात नाही," गुप्तहेर समाधानाने म्हणाला. "चूक शंभर टक्के याच पार्लरची."

"साहेब, हळू," पार्लरवाली म्हणाली. ती दाराकडे बघत होती.

"जरा सावकाश," दारातून इन्स्पेक्टर म्हणाले. ते लिहून घेत होते. "कंगव्यांनंतर काय म्हणालात?"

पार्लरवाली मटकन बाकावर बसली. शाळेतल्या बाईंनी चाचपडत तिचा हात शोधला आणि चुकून सासूबाईंचा धरला. 

"दोन महिने बंद," इन्स्पेक्टर म्हणाले.

"साहेब, तुम्हाला मी कशाला बोलावलं होतं?" पार्लरवालीने गुप्तहेराला विचारलं.

त्याने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघितलं.

सव्वाचार वाजता सगळे रस्त्यावर आले. इन्स्पेक्टरनी हुकमातल्या गाळा क्रमांकाप्रमाणे शटर ओढून सील लावलं. तो क्रमांक शेजारच्या शिंप्याचा निघाला. सील काढायला वरून लेखी परवानगी लागते, असं त्यांनी सांगितलं आणि पार्लरला दुसरं लावलं.

शिंपी आत होता.