ओढता येत नाही

जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलच्या रांगा संपल्या की बियाण्यांची गोडाऊनं लागतात. तिथल्या एका प्लांटवर धर्मराज गाढे गोडाऊन इन्चार्ज होता. माणूस हिशेबी. अमुक माल कुठं आहे विचारलं की तो जागचा न उठता बोट दाखवायचा, आणि माल तिथंच असायचा. देवाला सणावारी हात जोडायचा, भुताखेतांच्या गोष्टींना हसायचा, आणि कोणी फारच रंगात येऊन सांगू लागलं तर "तवा लाइट होती का?" एवढंच विचारायचा.

काळजी म्हणावी अशी त्याला एकच होती, धाकटा भाऊ मच्छिंद्र. वडील गेल्यावर आई गोजरबाई टेंभुर्णीचं घर बंद करून दोघांजवळ जालन्यात राहायला आली, तेव्हा तिने उंबऱ्यातच थोरल्याला सांगितलं, "तू तुझं बघशील. ह्याला तेवढं हातचं जाऊ देऊ नको." मच्छिंद्र वाईट नव्हता. पण एखाद्या गोष्टीत शिरला की शिरला. पतंग तर पतंग, कबुतरं तर कबुतरं, मग जेवणाची शुद्ध राहायची नाही. धर्मराजने साहेबांकडे शब्द टाकून त्याला प्लांटच्या ऑफिसात चिकटवला आणि आईला दिलेला शब्द पाळल्याचं समाधान मानलं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात ऑफिसात कॉम्प्युटर आला. तो बसवायला औरंगाबादहून आलेल्या इंजिनिअरने जाताजाता त्यात एक खेळ टाकून दिला.

खेळ साधा होता. पडद्यावर वरून दिसणारं गोडाऊन, त्यात बोटाच्या पेराएवढा एक माणूस, काही खोके आणि तेवढेच ठिपके. माणसाने खोके ढकलत ठिपक्यांवर न्यायचे. खोका ढकलता येतो, ओढता येत नाही, एवढाच कायदा. कोपऱ्यात ढकलला की गेला. खोक्यांमागे माणूस स्वतः कोंडला गेला तरी खेळ 'हरलात' म्हणत नाही. तो बिचारा आत फिरत राहतो. मग एस्केपचं बटण दाबायचं की सगळं पहिल्यासारखं, आणि माणूस पुन्हा गोडाऊनच्या दारात. ऑफिसात त्याला सगळे हमाल म्हणू लागले.

नव्याचे नऊ दिवस, म्हणून मॅनेजर रामराव साहेबांनी कानाडोळा केला. दुपारच्या सुट्टीत डब्यांआधी खुर्चीसाठी घाई व्हायची. अकाउंटंट बद्रीनाथ खेळताना हमालाला शिव्या घालायचा, चूक आपली असली तरी. बियाण्याची उगवण तपासणारी लॅबमधली बेबीनंदा दोन्ही हात मांडीवर ठेवून बराच वेळ नुसतं बघायची, आणि मग एका दमात लेव्हल संपवून भाकर खायला उठायची. रामराव साहेबही एकदा बसले, अडकले, आणि फोन आल्याचं सांगून केबिनमध्ये गेले. फोन वाजला नव्हता.

सगळ्यांचं घोडं एकाच लेव्हलवर अडलं. तिच्यात मधोमध खांब होता, म्हणून ती खांबाची लेव्हल. काही केलं तरी शेवटच्या खोक्याने वाट बंद व्हायची आणि हमाल खांबामागे राहायचा, दोन घरांच्या जागेत. एक घर पुढे, एक घर मागे, एवढंच त्याला फिरता यायचं.

याच लेव्हलला बसलेली माणसं टेबलाखाली चपला काढतात, हे धर्मराजच्या लक्षात आलं. इतर लेव्हलला काढत नसत. त्याला त्याचं कारणही सापडलं. प्लांटवर गोडाऊनात पायतण घालून जायचं नाही असा रिवाज होता. बियाणं म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चपला घालून कोण शिरणार? सगळे दारात चपला काढायचे. आत कोण आहे ते त्या चपलांवरूनच कळायचं. मुकादम अप्पाराव संध्याकाळी शटर ओढण्याआधी एक हाळी द्यायचे, पण खरी नजर चपलांवर असायची. तेव्हा पडद्यावर का होईना, गोडाऊन दिसलं की पायांना सवयीने आठवत असेल, असं धर्मराजने स्वतःला समजावलं.

मग एका दुपारी बेबीनंदा अंगणातल्या नळावर पाय धुताना दिसली. तळव्यांवरून गुलाबी पाणी वाहत होतं. बियाण्याला कीड लागू नये म्हणून औषध चोळतात, त्याचा तो रंग. गोडाऊनच्या फरशीवर त्याची भुकटी कायम असते. ऑफिस मात्र अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

"ताई, गोडाऊनात गेल्त्या का?"

"न्हाई. लॅबमधून उठले ते थेट खेळायला बसले." ती टाच घासत राहिली. "भाऊ, मी त्या लेव्हलला आता बसणार न्हाई."

"लई अवघड हे का?"

"अवघडचं काही न्हाई. खांबामागं गेलं की कोंदट होतं."

धर्मराजने वाऱ्याची दिशा पाहिली, ऑफिसची खिडकी पाहिली, पंखा पाहिला. उन्हाळ्यात भुकटी उडतेच. पण दोनच दिवसांनी बद्रीनाथ खेळताना गप्प दिसला. शिव्या नाहीत, काही नाही. थप्पीवर चढलेले हमाल धुळीपासून धरतात तसा त्याने तोंडावर रुमाल धरला होता. उठताना तो म्हणाला, "भिकार खेळ हे," आणि पुन्हा त्या खुर्चीकडे फिरकला नाही.

तो गेल्यावर धर्मराज पडद्यापुढे उभा राहिला. खांब, खांबाच्या उजवीकडे अरुंद गल्ली, मागे कोपरा. दोन नंबरच्या गोडाऊनात खांब तिथंच होता. पण खांब नसलेलं गोडाऊन जालन्यात दाखवा, असं तो मनाशी म्हणाला आणि कामाला गेला.

खेळणारा उरला एकटा मच्छिंद्र. त्याचा डबा भरलेला घरी परत जाऊ लागला, आणि गोजरबाई धर्मराजकडे नुसती बघू लागली. ते बघणं धर्मराजला सोसवेना.

"सोड की आता," तो भावाला म्हणाला. "बाकीच्यांनी सोडलं."

"ते एस्केप दाबून राह्यले ना दादा. मी न्हाई दाबणार."

"मंग कसा निघणार?"

मच्छिंद्रने मान वळवली नाही. "एस्केप दाबलं की नवा हमाल दारात येतो. मंग आतला कुठं जातो?"

"कुठं जाणार? कॉम्प्युटर हे तो."

"एक बार ओढता आलं असतं ना," मच्छिंद्र म्हणाला, "तर बिलकुल निघालो असतो."

धर्मराज हसला. नंतर त्याला त्या हसण्याची फार लाज वाटली.

पेरणीआधी गोडाऊनला धुरी देतात. विषारी वायूच्या गोळ्या ठेवायच्या, शटर ओढायचं, फटी ओल्या मातीने लिंपायच्या आणि काही दिवस तिकडे कोणी फिरकायचं नाही. त्या वर्षी दोन नंबरची धुरी भर दुपारी झाली. अप्पारावांनी गोळ्या ठेवून घेतल्या, दारात येऊन हाळी दिली, "आत कोणी हे का?" चपला पाहिल्या. एकही नव्हती. शटर खाली आलं.

माती लिंपून होत आली तसा धर्मराज ऑफिसात गेला. सुट्टी कधीच संपली होती, खेळ मात्र चालू होता आणि खुर्ची रिकामी होती. पडद्यावर हमाल खांबामागे कोंडलेला. कामाच्या वेळेला हे असं पाहून धर्मराज वैतागला. त्याने हात लांबवून एस्केप दाबलं. हमाल दारात आला.

मग खुर्ची सरकवताना त्याच्या पायाला चपला लागल्या.

मच्छिंद्रच्या होत्या. बाहेर मे महिन्याचं ऊन, अंगणातली फरशी तव्यासारखी. अनवाणी माणूस अंगणात फिरणार नाही. अनवाणी जायचं ते गोडाऊनात. आणि चपला गोडाऊनच्या दारात नसून इथं होत्या.

तो पळाला.

"खोला," तो ओरडला. "मच्छिंदर आत हे."

"चपला नव्हत्या, धर्मराजभाऊ," अप्पाराव म्हणाले. "मी बराबर बघितलं."

"खोला म्हणतो ना."

माती खरवडली. शटर वर गेलं. ओली फडकी तोंडाला बांधून माणसं आत घुसली.

हाका मारल्या. उत्तर नाही.

धर्मराज सरळ खांबामागे गेला. तिथं छतापर्यंत थप्पी होती. "काढा," तो म्हणाला. पोती उतरू लागली.

थप्पीच्या पोटात पोकळी निघाली. माणसाला एक पाऊल पुढे आणि एक पाऊल मागे टाकता येईल एवढी. थप्पी लावताना अशी जागा कोणी सोडत नाही.

फरशीवर गुलाबी भुकटी होती आणि तिच्यात अनवाणी पावलं. पुढे, मागे, पुढे, मागे. पोकळीत कोणी नव्हतं.

"दादा," मागून आवाज आला.

मच्छिंद्र दारात उभा होता. अनवाणी.

"कुठं गेल्तास?"

"दारात होतो."

धर्मराजने त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली, मग एक थोबाडीत दिली, मग पुन्हा मिठी मारली. अप्पाराव हसले. लोकांनी पोती परत लावली. धुरी पुन्हा झाली, पेरणीचा हंगाम सुरू झाला, आणि खेळ कोणी उघडेना.

मच्छिंद्र सुधारला. वेळेवर येई, वेळेवर जाई, सांगितलेलं पोतं सांगितलेल्या जागी नेऊन ठेवी. गाडीवर माल चढवायचा असला तरी पुढे होई. "तुमचा भाऊ लाइनीवर आला," रामराव साहेब म्हणाले. तो अनवाणीच फिरत होता, पण गोडाऊनात सारखं येणंजाणं असेल म्हणून कोणी विचारलं नाही.

गोजरबाईने विचारलं. मच्छिंद्र अंघोळीला गेला होता तेव्हा ती चुलीपुढून धर्मराजला म्हणाली, "ह्याला झालं काय रं? सकाळी उठून बघते तर कडी काढलेली, अन् हा बंद दाराकडं तोंड करून उभा. मी दार उघडलं की जातो."

"झोपेत असंल."

"ताट वाढलं तरी पुढ्यात ओढून घेत न्हाई. मीच सरकवते." तिने निखारे मागे सारले. "मी आता दार उघडंच ठेवते."

धर्मराज डबा उचलून कामाला निघाला. पण त्याच्या घराचं दार आत उघडतं, बाहेर जायचं तर ते ओढावं लागतं, हे त्याला त्या क्षणी आठवलं आणि दिवसभर आठवत राहिलं.

त्या संध्याकाळी ऊन उतरायच्या आत त्याने भावाला दोन नंबरच्या दाराशी बोलावलं.

"मच्छिंदर, शटर ओढ खाली."

मच्छिंद्रने दोन्ही तळहात शटरच्या कडेला लावले आणि वर रेटलं.

"वर न्हाई. ओढ."

भावाने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा तोच, ओठावरची लहानपणची खूणही तीच. "दादा," तो अदबीने म्हणाला, "तेवढं न्हाई येत."

धर्मराज मागे वळला. तो तडक ऑफिसात गेला. सगळे घरी निघायच्या तयारीत होते. त्याने कॉम्प्युटर लावला, खेळ उघडला, खांबाची लेव्हल आणली. आपण टेबलाखाली चपला काढल्या हे त्याला नंतर कळलं.

दारात हमाल उभा होता, नेहमीसारखा.

खांबामागे, दोन घरांच्या जागेत, दुसरा हमाल होता.

धर्मराजने बटणांवरचे हात उचलून मांडीवर घेतले. आतला हमाल एक घर पुढे आला, खोक्याला लागून उभा राहिला. मग मागे सरला.

खोका त्याच्याबरोबर मागे आला.

ओढला होता. या खेळात कोणालाच कधी येत नाही ते त्याने केलं होतं. धर्मराजच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेरची गल्ली मोकळी झाली होती. फक्त पुढ्यातला खोका हटवायला कोणीतरी बाहेरून यायला हवं होतं, आणि तोवर शटर उघडं राहायला हवं होतं.

त्याने खाली वाकून पाहिलं. मच्छिंद्रच्या चपला टेबलाखाली त्या दुपारपासून तशाच होत्या. त्या कोणी मागितल्याच नव्हत्या.

तो त्या घेऊन अनवाणी अंगण तुडवत गेला आणि दोन नंबरच्या दारात, सगळ्यांना दिसतील अशा नीट जोडून ठेवल्या. चपला असल्या की अप्पाराव शटर ओढत नाहीत. वीस वर्षांत त्यांनी कधी ओढलं नव्हतं. मग तो खांबाच्या मागे गेला आणि थप्पीला कान लावला.

आतून पोतं घासल्याचा आवाज येत होता. थोडा थांबून, पुन्हा.

"मच्छिंदर," तो म्हणाला. "आलो रे."

त्याने वरच्या पोत्याला हात घातला. दाराकडे येता येता अप्पारावांनी हाळी दिली, "आत कोणी हे का?" आणि धर्मराज ओ देणार, तोच चपलांपाशी कोणीतरी आलं. थप्प्यांच्या फटीतून त्याला फक्त पाय दिसले, अनवाणी, तळव्यांना गुलाबी. त्यांतल्या एका पायाने चपला हळूच बाजूला ढकलल्या, पार भिंतीआड.

"न्हाई," मच्छिंद्रचा आवाज म्हणाला. "कोणी न्हाई आत."

अप्पारावांनी खाली पाहिलं, आणि शटर ओढलं.