वायरीचं उघडं टोक

फोन आला तेव्हा टीव्ही चालू होता. पलीकडचं बोलणं ऐकू येईना, म्हणून श्रीधरपंतांनी टीव्हीची वायर मागून उपटून काढली. मग ऐकू आलं. त्यांच्या पत्नी उषाताई गेल्या होत्या.

ती वायर दहा महिने तशीच लोंबत राहिली.

श्रीधरपंत दाभोळे हे रेडिओलहरींचे निवृत्त शास्त्रज्ञ. मिरजेत एका सोसायटीच्या सहाव्या मजल्यावर राहत. साल होतं २०४९. गच्चीवर सगळ्यांची मिळून एकच अँटेना होती. चंद्रावरच्या तळाचं प्रक्षेपण ती पकडी आणि वायरींतून घरोघरी पोचवी. यंदा सातवा मजला चढला, सहा घरं वाढली. सोसायटीचा दुरुस्ती करणारा यंत्रमानव खंडू याने त्यांनाही वायरी जोडून दिल्या.

रविवारी साडेचारला ७०२ मधली मैथिली धापा टाकत आली. मागून खंडू.

“आजोबा, पाच वाजता चंद्रावरून आई बोलणार, आणि चित्राचे नुसते चौकोन होताहेत! जुन्या घरांत छान दिसतंय, आमच्या नव्या सहांतच नाही.”

“मग खाली जोगळेकरांकडे बघ.”

“आणि आजीला? ती अंथरुणातून उठत नाही. लेकीला बघायचं म्हणून सकाळपासून केस विंचरून बसलीय.”

“माझ्या मीटरवर सिग्नल उत्तम आहे,” खंडू म्हणाला.

“मग तुझ्या मीटरवरच आई दाखव!”

“मी वर्धकही (सिग्नल मोठा करणारं यंत्र) लावला. फरक नाही.”

“काढ तो,” पंत म्हणाले. “दुखणं अशक्तपणाचं नाही.”

त्यांनी दोघांना गॅलरीत नेलं. तिथे उषाताईंनी बांधलेली कपड्यांची दोरी होती. “मैथिली, हे टोक धरून एक झटका दे.”

दोरीवरून एक उंचवटा पळत गेला, पलीकडच्या खिळ्याला थडकला आणि परत फिरला.

“परत आला!”

“पुढे वाट नाही, म्हणून. वायरीतली लहरही अशीच उघड्या टोकावरून परत फिरते. याला परावर्तन (आदळून मागे फिरणं) म्हणतात. मग तेच चित्र टीव्हीत दोनदा शिरतं, दुसऱ्यांदा जरा उशिरा. पूर्वी माणसाशेजारी त्याची पुसट सावली दिसायची. आताचा टीव्ही गोंधळतो आणि चौकोन करतो. वर्धक लावला तर परतलेली लहरही मोठी होते.”

मग पंतांनी दोरी खिळ्यावरून सोडवली आणि ते टोक सैल हातात धरलं. “आता दे झटका.” उंचवटा आला, हात थोडा हलला, आणि दोरी शांत झाली.

“तुमच्या हाताने गिळला!”

“शाबास. टोकाला कुणीतरी लहर गिळणारं हवं. टीव्ही असला तर तो गिळतो. नसला तर टोपी लावायची. खंडू, कुठलंतरी टोक उघडं राहिलंय.”

“नव्या घरांची सहाही टोकं तपासली. एकही उघडं नाही.”

“नवी वायर निघते कुठून?”

“६०४ च्या वायरीला फाटा काढून.”

६०४ म्हणजे हेच घर. मैथिलीने टीव्हीमागे वाकून पाहिलं. “आजोबा, हे बघा, उघडं टोक. टीव्हीलाच जोडू का?”

“नको,” पंत म्हणाले. मग हळूच, “आज टोपीच लावू.”

टोपीत एक रोध (आलेली लहर शोषून तिची किंचित उष्णता करणारा भाग) होता. खंडूने ती त्यांच्या हातात दिली. मैथिली वर पळाली. पाचला तीन मिनिटं कमी होती.

पंतांनी टोपी लावायला घेतली आणि ते खिडकीतून ओरडले, “आता?”

“चौकोनच!”

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ते गच्चीवर अँटेना फिरवत आणि उषाताई खिडकीतून ओरडत, “मुंग्याच आहेत! अजून थोडं!”

त्यांनी टोपी घट्ट पिळली. “आता?”

“आलं, आलं! थांबा! हलू नका!”

आता थांबायची काही गरज नव्हती. टोपी बसली होती. तरीही पंत टोपी धरून तसेच उभे राहिले. वरून एका बाईचा हसरा आवाज आला आणि पाठोपाठ आजीचा, “अगं, किती वाळलीस!”

पुढच्या वर्षी शेजारच्या इमारतीतली दहा घरं याच अँटेनावर घ्यायची आहेत. त्यांचा नकाशा पंत आणि मैथिली मिळून काढताहेत. प्रत्येक टोकाला तिने लाल खूण केली आहे.

६०४ मधला टीव्ही अजून जोडायचा राहिला आहे.