दोन ब्रेकांची गाडी

धक्का तसा हलकाच होता. पण टेबल पत्र्याचं होतं, त्याचा एक पाय आधीपासून लंगडा होता आणि त्यावरचा चहा काठोकाठ भरलेला होता. त्यामुळे शकू भोईरच्या पांढऱ्या गाडीने सर्व्हिस सेंटरच्या दारातल्या टेबलाला नुसतं नाक लावलं, तरी सगळा चहा मधु चौधरीच्या शर्टावर सांडला.

"ब्रेक लागत नाहीत का?" तो ताडकन उठत म्हणाला.

"नाहीत ना!" हँडब्रेक ओढून शकू खाली उतरली. "तेच सांगायला आलेय. दहा दिवसांपूर्वी तुम्हीच यात नवा पाइप टाकलात. हे काचेवरचं स्टिकर बघा – 'तपासले, ठीक.' खाली सही कोणाची आहे हो ही?"

मधुने आधी स्टिकरकडे पाहिलं, मग आपल्या शर्टाकडे. "माझी," तो म्हणाला.

शकू भांडायचं ठरवूनच आली होती. कोलशेतपासून माजिवड्यापर्यंत पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून येताना तिने सगळी वाक्यं पाठ केली होती. पण समोरचा माणूस चहाने भिजलेला, आणि वर खरं बोलणारा... अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? तिने पर्समधला रुमाल काढला, पुढे केला, आणि मग आपण हे काय करतोय असं वाटून तो टेबलावरच ठेवून दिला. मधुने तो उचलून चहा पुसला – टेबलावरचा नव्हे, तिच्या गाडीच्या बॉनेटवरचा!

गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या भाद्रपदातली. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या काही गाड्यांचे ब्रेक-पाइप कच्चे निघाले होते. तशी पत्रं घरोघरी आली, गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि ठाण्यापासून अंबरनाथपर्यंतच्या गाड्यांचे पाइप या सेंटरवर फुकट बदलून मिळाले. मधु तिथला तपासनीस. काम झालेली प्रत्येक गाडी तो स्वतः चालवून बघायचा आणि मगच सही करायचा. एवढ्या सगळ्यांत तक्रार घेऊन परत आली ती एकटी शकूची गाडी.

ही गाडीही जरा वेगळीच. शकूचे वडील काळुराम भोईर यांची मिठागराची जमीन कारखान्यात गेली, तेव्हा आलेल्या पैशांतून त्यांनी ही गाडी घेतली आणि लेकीला ड्रायव्हिंग स्कूल काढून दिलं. शिकवणारी बाई म्हटल्यावर शिकायलाही बायकाच येऊ लागल्या. गाडीला ब्रेकची पेडलं दोन होती. एक शिकणारीच्या पायाशी, दुसरं शेजारी बसलेल्या शकूच्या पायाशी, आणि दोन्हींना जोडणारी सळई गाडीच्या पोटाखालून गेलेली. शेजारची बाई घाबरून गोठली की शकू आपलं पेडल दाबायची आणि म्हणायची, "काही झालं नाही. पुन्हा गाडी सुरू करा." दिवसातून वीस वेळा हे वाक्य म्हणताना तिला जे सुख वाटायचं, ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मधुने त्या दिवशी पाइप पुन्हा बदलला, पुन्हा सही केली. बाराव्या दिवशी गाडीखाली पुन्हा ब्रेक ऑइलचा डाग. तो तिसऱ्यांदा बदलला, तेव्हा शकूचा राग निम्मा झाला होता आणि सेंटरवर जायचं म्हटलं की ती वेणी दोनदा घालू लागली होती. हे तिच्याही लक्षात आलं होतं, पण तिने तिकडे दुर्लक्ष केलं.

मग ती मनुबाईंची सकाळ आली. मनुबाई कोळीवाड्यातल्या, शकूकडे शिकायला येणाऱ्या. ठाण्याच्या बाजारात मासळी न्यायला घरचा टेम्पो घेणार होत्या, आणि तो आपणच चालवणार असा त्यांचा पण. खाडीकडे उतरत्या रस्त्यावर त्यांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला. शकूने आपलं पेडल दाबलं... आणि ते लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं. तिने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा समोर चिखल आणि पाणी, मध्ये फार तर चार पावलं.

"बाय माझे," मनुबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "मना गाडी शिकवाची ते शिकव, पोहाला मना येतं!"

हसत हसत त्यांनी ही गोष्ट गावभर केली. संध्याकाळी ती काळुरामांच्या कानावर गेली. ते काही हसले नाहीत.

"तीन येला सही केली त्याने, तीन येला त्याल गललं," ते म्हणाले. "आता चौथी सही मना नको दाखवू. शके, दसऱ्याला या गारीला हार घालाचा का गिऱ्हाइकाच्या ताब्यात देवाची, ता मी ठरवीन. माझी पोर मना गारीपेक्षा जास्त हाय."

दसऱ्याला सोळा दिवस होते. शकू रात्रभर कूस बदलत राहिली. ड्रायव्हिंगची शाळा गेली तर आपण कोण, याचं उत्तर तिला काही केल्या सापडेना.

दुसऱ्या दिवशी तिने मधुला टेबलाशी गाठलं.

"तुम्ही तपासता म्हणजे नेमकं काय करता? मला सगळं सांगा. पहिल्यापासून."

"गाडी रॅम्पवर घेतो. नवा पाइप लावतो. पन्नासदा ब्रेक दाबून बघतो. मग नाक्यापर्यंत चालवून आणतो. शपथ, थेंब नव्हता."

"आणि माझं पेडल?"

"ते... सळईसकट काढून ठेवतो. कंपनीचा नियम आहे, बाहेरून बसवलेलं काही असलं तर आधी उतरवायचं. काम झालं की पोरं परत लावून देतात."

"म्हणजे माझं पेडल जागेवर असताना ही गाडी तुम्ही एकदाही चालवली नाही?"

मधुचे कान लाल झाले.

"उद्या रविवार," शकू म्हणाली. "कोलशेतला या. शिकाऊ म्हणून."

तो आला. मोहन्याच्या घरून दोन बस आणि एक लोकल करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पान्ह्यांची आणि नव्या पाइपची पिशवी घेऊन. शकूने ऑइल भरलं, खाडीकाठचा सपाट मोकळा रस्ता निवडला आणि त्याला स्टिअरिंगवर बसवलं. पंचाईत वेगळीच झाली. मधु इतकी छान गाडी चालवत होता की तिला ब्रेक दाबायची वेळच येईना.

"अहो, जरा वाईट चालवा!"

"येत नाही हो वाईट."

"फुशारकी मारताय?"

"नाही, खरंच. तुम्ही शिकवा ना."

"माझ्याकडे वाईट चालवायला शिकवत नाहीत. चांगलं शिकवायचे पैसे घेते मी."

"मग फी सांगा..."

"समोर बघा!"

पण मधु समोर बघत नव्हता. तो शेजारी बघत होता. खाडीच्या वाऱ्याने तिच्या कानाजवळची बट सुटली होती आणि ती एका हाताने मागे सारायचा तिचा प्रयत्न चालला होता. समोर काठ्यांवर वाळत घातलेलं जाळं... शकूने कचकन ब्रेक दाबला.

"अरे, डोळे कुठे आहेत तुझे? काय बघतोस?"

गाडी बंद पडली. तिला कळलं की आपण त्याला 'अरे' म्हणालो. त्यालाही कळलं. दोघंही जाळ्याकडे बघत बसले, जणू त्यातून काही निघणार होतं.

"आता जमतंय," मधु हळूच म्हणाला. "वाईट चालवायचं."

त्यानंतर अर्धा तास त्याने मन लावून वाईट गाडी चालवली. मग तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. शकू दार उघडून आपल्या जागेवर बसली, पाय पेडलवर. तेवढ्यात हस्ताची सर आली. मधुचे पाय बाहेरच होते. तिने छत्री उघडली आणि दारातून हात लांब करून त्याच्या गुडघ्यांवर धरली.

"दाब," खालून आवाज आला. "सोड... दाब... सोड... शकू!"

नुसतं 'शकू'. मॅडम नाही, काही नाही.

"काय रे?"

"सापडलं! तू पेडल दाबलंस की तुझी सळई पुढे सरकते आणि माझ्या पाइपला घासून जाते. नवा पाइप आम्ही दोन बोटं खाली बांधतोय. इथे चकाकतंय नुसतं. मला वाटलेलं खडी उडून लागली असेल... दरवेळी बघितलं गं, दरवेळी खडीच समजलो!"

शकूला इतका आनंद झाला की छत्री हातातून सुटली. मधु भिजला. गाडीच्या आत आणि खाली दोघांचंही हसणं एकदमच घुमलं. त्याने तिथल्या तिथे नवा पाइप घालून तो वर उचलून बांधला, सळईच्या आड रबर घातलं. मग चिखलाने भरलेला तो तिच्यासमोर उभा राहिला. एवढा देखणा माणूस आपण आजवर पाहिला नाही, असं शकूला अगदी स्पष्ट वाटलं.

आणि नेमका तेव्हाच तिला प्रश्न पडला. "मधु... ड्रायव्हिंग स्कूलच्या अशा किती गाड्या तुमच्याकडे झाल्या?"

त्याचं हसू ओसरलं. "माझ्या लक्षात आहेत तेवढ्या... तुझी धरून दहा."

"त्यांना पण सळया असतील. मग त्या का नाही आल्या?"

"नाक्यावरच्या गॅरेजात ऑइल भरून घेत असतील. किंवा अजून गळायच्या असतील."

"सगळ्यांवर सही?"

"माझी." तो पान्हे पिशवीत भरू लागला. "साहेबांनी पाइप बदलायच्या कॅम्पची फाइल बंद केलीये. काम शंभर टक्के झालं म्हणून वर कळवलंय. येत्या महिन्यात मी नोकरीत कायम होणारेय, शकू."

शकूने फडकं घेतलं आणि ती गाडीची काच पुसू लागली. जाताना त्याने वळून पाहिलं तेव्हाही ती मुद्दाम काच पुसत होती.

ते पुढचे दिवस तिला फार जड गेले. गाडी ठणठणीत होती. खाली थेंब नव्हता. तिने काळुरामांना हाताला धरून नेऊन कोरडी फरशी दाखवली.

"तो बोलला का, गारी बरी झाली?" काळुराम म्हणाले. "तो तर तीनदा बोललेला."

खरं म्हणजे तीही स्वतःला तेच विचारत होती. त्या माणसाच्या बोलण्यावर भरवसा ठेवायचा का? गाडीसाठी तर हवाच होता, पण आता तिला तो स्वतःसाठीही हवा होता. एक आठवडा गेला, मधुचा पत्ता नाही. दसरा चार दिवसांवर आला. काळुरामांनी गिऱ्हाईक ठरवलं.

त्या संध्याकाळी मधु आला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. ओसरीवर काळुराम खाटेवर बसले होते. त्याने त्यांच्या हातात दोन कागद ठेवले.

"मना वाचता नाय येत नीट," काळुराम म्हणाले. "तूच सांग."

"पहिल्यात मी कंपनीला लिहिलंय. दहा गाड्यांवर मी 'ठीक' म्हणून सही केली. ती चूक होती. मी पेडल काढून तपासत होतो." "दुसऱ्यावर नऊ मालकांच्या सह्या आहेत. डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, सगळीकडे जाऊन आलो. दोन पाइप अगदी फुटायच्या बेतात होते. ते बदलले, आणि सगळे वर बांधलेत. मालकांनी स्वतः पेडल दाबून बघितलंय. तुमची गाडी झालेली, म्हणून इथे शेवटी आलो."

"आन् तुझा साहेब?"

"तपासणीवरून काढलं मला. आता विठ्ठलवाडीच्या गोदामात बसतो. कायम करायचं पुढे ढकललंय."

काळुरामांनी कागदांची नीट घडी करून ते त्याच्या हातात परत दिले. मग आत वळून म्हणाले, "शके, त्या गिऱ्हाइकाला सांग, गारी इकाची नाय. आन् याला पानी दे, पोर चालून दमलाय."

शकू तांब्या घेऊन आली ती डोळे पुसतच. मधु पाणी पिऊन निघाला. ती त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली.

"दहा दिवस का नाही आलास? काय वाटलं असेल मला?"

"काय सांगणार होतो येऊन? की मी विचार करतोय?" तो खाली बघत म्हणाला. "तू काच पुसत राहिलीस ना त्या दिवशी... ते मला साहेबांच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं."

"मधु, मला तू आवडतोस," शकू म्हणाली. एका दमात, न थांबता. "फार आवडतोस. आता तू बोल."

मधु फाटकाची कडी उगाच उघडत-लावत राहिला. "मी तर... आईला सांगून पण बसलोय. ती म्हणते, मुलगी बघायला कधी जायचं?"

"माझ्याकडे गाडी आहे," शकू म्हणाली. "तुम्ही कशाला येताय? मीच येते मुलगा बघायला."

दसऱ्यानंतरच्या रविवारी ती खरंच मोहन्याला गेली. गाडी तिने चालवली. मागच्या सीटवर काळुराम, टोपी घालून, कल्याणच्या पुलावरच्या गर्दीत तिच्यापेक्षा जास्त घाबरत.

मुलगी कशी बघायची हे मधुच्या आईला, आवडाबाईंना, ठाऊक होतं. मुलगा कसा दाखवायचा, हे मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्यांनी पोह्यांचा ट्रे मधुच्याच हातात दिला आणि त्याला बाहेर ढकललं. गल्लीतल्या बायका दारात जमल्या.

"काय इचाराचं ता इचार गो," काळुराम म्हणाले.

"गोदामात बसायचं वाईट वाटतं का?" शकूने विचारलं.

"वाटतं," मधु म्हणाला. "रोज सकाळी वाटतं. पण झोप मात्र छान लागते."

शकूने पोह्यांची एक बशी उचलली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मला पसंत आहे."

दारातल्या बायका खुसखुसल्या. आवडाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या पुढे आल्या आणि शकूसमोर बसल्या. "पोरी, एक विचारू? लग्नानंतर तुझी ती शाळा..."

शकूच्या हातातली बशी थांबली. काळुरामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. एवढं सगळं झालं ते ज्याच्यासाठी, ते आता या बाईच्या पुढच्या शब्दावर येऊन ठेपलं होतं.

"इथे मोहन्यात पण काढशील का?" आवडाबाई म्हणाल्या. "म्हणजे... मला यायचं होतं गं. वय झालंय, पण पाय पोचतील माझे."

शकूने त्यांचे दोन्ही हात धरले. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"शिकवीन की! उद्यापासून शिकवीन. पण आधी तुमच्या मुलाला 'हो' म्हणू द्या, तो मघापासून नुसता उभाच आहे."

"हो," मधु म्हणाला. ट्रे अजून त्याच्या हातातच होता.